खिडकी क्रमांक तीन

जूनच्या शेवटच्या आठवड्यात ती आली.
माझ्या खिडकीला जाळी, तिच्या नाकाची सालपटं निघालेली.
"एम.ए. प्रवेश," मराठीत म्हणाली. पुढचं सगळं इंग्रजीत.
पोर्तुगाल. गाव कोव्हिल्याँ, डोंगरात.
तिथंही गिरण्या होत्या, लोकरीच्या. त्याही बंद.
मी म्हटलं, मग इतक्या लांब कशाला आलीस गं,
बंद गिरण्या बघायला?
ती हसली नाही.
"इथं माग अजून वाजतात, असं ऐकलं."

ते खरं होतं. माझ्या घरामागे वाजतात.
सुट्टीच्या दिवशी थांबले
की सासऱ्यांना झोप लागत नाही.

अर्ज. आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं.
सेरा. बेनेदिता. आणि
तिनं पेन उचललं.
"नाहीत."
वारले?
"नाही. नुसतेच नाहीत."
मला काही सुचेना, म्हणून मी प्रवर्ग विचारला.
त्यावर आम्ही दोघी हसत सुटलो,
रांगेतला पोरगा "मॅडम, माझं चलन" म्हणेपर्यंत.

संगणक रिकामी जागा घेत नाही,
लाल अक्षरांत ओरडतो.
बावीस वर्षांच्या नोकरीत कमावलेली एक युक्ती आहे:
मी तिथं टिंब दिलं.
खाली आईचं नाव. ते तिनं स्वतः लिहिलं,
ठसठशीत, कागद पलीकडे उमटेल असं: ओदेते.
"हा रकाना चांगला आहे," म्हणाली.

मग ती येत राहिली.
पोलीस आयुक्तालयाचा कागद, बोनाफाईड,
पुन्हा बोनाफाईड, कारण पहिल्यावर शिक्का उलटा.
वहीच्या मागच्या पानावर शब्द गोळा करायची.
एकदा जाळीतून विचारलं, साबण तुमचा की आमचा?
चावी? घमेलं? पगार?
पगार आमचा नाही, मी म्हटलं,
ते मला दर महिन्याच्या वीस तारखेला कळतं.
बिजागरी मात्र तिनं दोनदा म्हणून पाहिली,
हळू, दार किलकिलं केल्यासारखी.

एवढं मराठी जमवून पूर्व भागात गेली
आणि यन्नम मावशी तिच्याशी तेलुगूत बोलल्या.
संध्याकाळी माझ्या दारात: दुभाषी हवाय.
दुभाषी मीच निघाले.
मे महिना, पारा चव्वेचाळीस,
डोक्यावर ओला टॉवेल, बोटाला शेंगाचटणी,
कडक भाकरी मोडताना दचकायची.
एका टॉवेलला किती मिळतात?
कातर, शिलाई, घडी धरून मावशींनी आकडा सांगितला.
बेनेदितानं पुन्हा विचारायला लावलं.
आकडा तोच.
मला लहानपणापासून ठाऊक असलेला आकडा
त्या दिवशी मी दोन भाषांत उच्चारला
आणि दुसऱ्या भाषेत मला लाज वाटली.
मावशींचे गुडघे आता परिशिष्ट दोनमध्ये आहेत.
मावशी विचारतात, म्हणजे कुठे?

ती गेल्यावर दहा महिन्यांनी
पदवीचं प्रमाणपत्र माझ्या टेबलावर आलं.
सोनेरी किनार, कुलगुरूंची सही,
आणि देवनागरीत
सेरा बेनेदिता, पुढे थोडी जागा सोडून
एक टिंब.
कुणी पाहिलंच नाही. परीक्षा विभाग, छापखाना,
सगळ्यांच्या हातांखालून ते सुखरूप पोहोचलं.

मी फोटो पाठवला. लिहिलं, चूक माझी,
दुरुस्तीचा अर्ज आहे, फी मी भरते.
रात्री उत्तर आलं, मराठीत, वेलांट्या चुकलेलं:
राहू दे.
ते कुणी दिलंय, मला माहीत आहे.

आज पोस्टात उभी होते.
आत काय, बाई?
कागद, मी म्हटलं. आणि एक टॉवेल.
मावशींनी दिलेला, दर न विचारता.
त्यानं काट्यावर ठेवलं.
कागदाला कसलं वजन.
सगळे पैसे टॉवेलचेच झाले.